नमुना मागा, फुकटचं काम नको

पाइप फॅब्रिकेशनच्या कामावर वेल्डर घ्यायचा असतो तेव्हा त्याची मार्कलिस्ट कुणी बघत बसत नाही. ४५ अंशांत तिरपा बांधलेला पाइप त्याच्या पुढ्यात ठेवतात. शॉपमध्ये याला ‘सिक्स-जी’ म्हणतात. रूट, म्हणजे सांध्याचा सर्वांत आतला थर, टिग वेल्डिंगने मारायचा, वरचे रन, म्हणजे थर, ७०१८च्या रॉडने. पाइप हलवायचा नाही. वाकून, उकिडवं बसून, हात उलटा करून वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. झालं की आधी नुसत्या डोळ्यांनी बघतात: कडेला अंडरकट, म्हणजे खाच, आहे का, आतून पेनिट्रेशन, म्हणजे वेल्डची खोली, सगळीकडे सारखी आलीय का. मग या तुकड्याच्या, म्हणजे कूपनच्या, चार पट्ट्या कापून वाकवतात, दोन फेसच्या (बाहेरच्या) बाजूने, दोन रूटच्या. वाकलेल्या पृष्ठभागावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. पाइप कंपनीचा, गॅस आणि रॉड कंपनीचे, वेळ ठरलेली, सगळ्यांना जॉब एकच. आणि तपासून झालेलं कूपन जातं भंगारात; ते गिऱ्हाइकाच्या लाइनीत बसवून कुणी बिल काढत नाही.

संगणकावरच्या नोकऱ्यांत ही शिस्त राहिलेली नाही. लातूर, नांदेड, परभणीत बसून पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या जागेसाठी अर्ज भरणाऱ्याला ‘कामाचे नमुने जोडा’ हा रकाना आता सर्रास दिसतो. ड्राफ्ट्समन, डिझायनर, भाषांतरकार, वेब डेव्हलपर, कंटेंट रायटर, सगळ्यांनाच. या रकान्याला माझा विरोध नाही. उलट मराठवाड्यातल्या उमेदवारासाठी पूर्ण अर्जात त्याच्याइतका कामाचा रकाना दुसरा नाही. विरोध आहे तो त्या रकान्याआड चाललेल्या दोन प्रकारांना. कंपन्या नमुन्याच्या नावाखाली काम करून घेतात, आणि आपले उमेदवार नमुन्याच्या नावाखाली भलतंच काहीतरी जोडतात. पहिल्याचा दोष मोठा आहे, पण दुसऱ्याचं नुकसानही कमी नाही.

आधी हा रकाना आपल्या कामाचा का, ते बघू. अर्जात कॉलेजचं नाव आलं की चाळणी तिथूनच सुरू होते. त्यातून निसटलं तर इंग्रजीतली मुलाखत उभी असते, आणि मराठी माध्यमातून डिप्लोमा केलेला, कामात पक्का असलेला मुलगा तिथे अडखळतो. ड्रॉइंगची शीट मात्र इंग्रजी बोलत नाही. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बरोबर दिलाय की नाही, सेक्शन योग्य जागी कापलाय की नाही, हे शीटवर दिसतं आणि ते शिवाजीनगरच्या कॉलेजात काढलंय की अंबाजोगाईच्या, याने काही फरक पडत नाही.

संशोधनाचा आधारही आहे, फक्त तो जपून वापरायला हवा. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली नोकरभरतीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रत्यक्ष कामाच्या चाचणीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) त्यांना ०.५४ मिळाला, अनुभवाच्या वर्षांचा ०.१८ आणि शिक्षणाच्या वर्षांचा जेमतेम ०.१०. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्या गणितातल्या दुरुस्त्या पुन्हा तपासल्या. त्यात कामाची चाचणी ०.३३ वर आली आणि पहिला नंबर ०.४२ सह ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला गेला. तरीही चाचणी पदवीच्या पुढेच आहे. मात्र हे आकडे समोर बसवून, ठरलेल्या वेळात घेतलेल्या चाचणीचे आहेत, वेल्डरच्या कूपनसारख्या. घरून जोडलेल्या पीडीएफचे ते नाहीत. एचआरवाले हे आकडे तोंडावर फेकतात तेव्हा हा फरक सोयीस्कर विसरतात.

आता फुकटच्या कामाबद्दल. जाहिरात कंटेंट रायटरची असते. ‘असाइनमेंट’ म्हणून हजार-हजार शब्दांचे पाच लेख आणि इन्स्टाग्रामचं महिनाभराचं वेळापत्रक मागतात. लोगो डिझायनरला एका खऱ्या दुकानाचं नाव देतात आणि तीन पर्याय मागतात, तेही मूळ एडिट होणाऱ्या फाइलसह. भाषांतरकाराला वीस पानं. यात चाचणी किती आणि काम किती, हे ओळखायला एक सोपी खूण आहे: सगळ्या उमेदवारांना उतारा एकच दिलाय का? चाचणी असेल तर एकच द्यावा लागतो, नाहीतर तुलना कशाशी करणार? दहा जणांना दहा वेगवेगळी प्रकरणं गेली असतील तर तिथे भरती चाललेली नाही, पुस्तक भाषांतरित होतंय. एकाच कॉलेजच्या चौघींनी अर्ज केला असेल तर व्हॉट्सॲपवर आपापले उतारे ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. दुसरी खूण मूळ फाइलची. डिझाइन पारखायला पीडीएफ किंवा जेपीजी पुरते. सीडीआर, एआय (इलस्ट्रेटरची), पीएसडी अशी एडिट होणारी फाइल फक्त वापरायलाच लागते.

कायदा इथे उमेदवाराच्या बाजूने आहे, पण अर्धाच. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं. पण अर्जदार अजून नोकर झालेलाच नसतो. मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेला करार लागतो. म्हणजे चाचणी ईमेलने पाठवली एवढ्याने ती कंपनीची होत नाही. उरलेली अर्धी बाजू अशी की कल्पनेला कॉपीराइट नसतो, मांडणीला असतो. तुमचा लेख जसाच्या तसा छापला तर दाद मागता येते. ‘दिवाळीच्या मोहिमेसाठी काय कराल?’ या प्रश्नाला लिहिलेली दहा कल्पनांची यादी उचलली तर हातात काही राहत नाही. म्हणून कल्पना मागणाऱ्या असाइनमेंटला एक कल्पना पूर्ण खोलात लिहून द्यावी आणि बाकीच्या ‘मुलाखतीत सांगेन’ म्हणून राखाव्यात. फॉर्मच्या तळाशी ‘पाठवलेल्या सर्व साहित्याचे हक्क कंपनीकडे राहतील’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तिथे टिक करायच्या आधी ते वाचा, आणि तसं असेल तर ताजं काम त्या फॉर्मवर टाकू नका. नमुना तपासायचं ‘शुल्क’ मागणारी जाहिरात तर सरळ फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० ला लगेच फोन लावा.

हे झालं कंपन्यांचं. आपल्या बाजूला काय होतं?

आपल्याकडे अर्ज भरायची सवय सरकारी भरतीत लागलेली आहे. सेतू केंद्रात, नेट कॅफेवर बसून टीसी, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जातीचा दाखला, आधार, सगळं स्कॅन करून एका पीडीएफमध्ये कोंबायचं आणि अपलोड मारायचं. खासगी कंपनीच्या फॉर्मवर नमुन्याचा रकाना आला की तिथेही हीच पीडीएफ जाते. त्यात दोन घोटाळे. नमुना म्हणून काही गेलंच नाही, हा एक. आणि आधार नंबर, जन्मतारीख, पत्ता एका अनोळखी माणसाच्या इनबॉक्समध्ये गेला, हा दुसरा. निवड होईपर्यंत यातला एकही कागद कंपनीला लागत नाही. फारच अडून बसले तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्यावं.

नमुना म्हणजे काय, ते धंद्यागणिक बदलतं. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यात मागणी ड्राफ्ट्समन आणि टूल डिझायनरला आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

पहिली चूक इथे सगळ्यांची एकच असते: आधीच्या व्हेंडरकडे (मोठ्या कंपनीला भाग पुरवणाऱ्या कारखान्यात) काढलेलं ड्रॉइंग पाठवणं. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत, ग्राहक कंपनीचं नाव, पार्ट नंबर, रिव्हिजन सगळं असतं. ते नाव खोडून पाठवलं तरी उपयोग नाही, कारण गोपनीय असतो तो आकार आणि माप, नाव नव्हे. वाळूजमध्ये एकच पार्ट तीन-तीन व्हेंडर बनवत असतात, मुलाखत घेणारा तो बघताक्षणी ओळखतो. आणि ओळखल्यावर त्याच्या मनात एकच विचार येतो: हा उद्या आमचंही ड्रॉइंग असंच बाहेर नेणार. ते काम नोकरीत केलेलं असल्याने मालकीही जुन्या कंपनीचीच.

त्यापेक्षा नवं, स्वतःचं, छोटं काहीतरी काढावं. साधा ड्रिल जिग, म्हणजे भोक नेमक्या जागी पाडायला जॉब धरून ठेवणारं साधन, पुरतो: बेस प्लेट, दोन लोकेटर, एक क्लॅम्प, एक बुश. ए-थ्रीच्या दोन शीट, एक असेंब्लीची पार्ट लिस्टसह आणि एक डिटेलची. बघणारा काय बघतो? लोकेटिंग पिन १२ मिलिमीटरचा, भोक एच-७ आणि पिन जी-६ (माप किती कमी-जास्त चालेल याच्या प्रमाणित श्रेण्या) दिलाय का. म्हणजे भोक १२.००० ते १२.०१८, पिन ११.९८३ ते ११.९९४, फट कमीत कमी ६ मायक्रॉन, जास्तीत जास्त ३५. जॉब बसेल पण डुलणार नाही. ज्याने सगळ्या मापांवर आंधळेपणाने ±०.०२ टाकलाय त्याला फिटचा अर्थ कळलेला नाही, हे अर्ध्या मिनिटात समजतं. मग फर्स्ट अँगलची खूण (ड्रॉइंगमधली दृश्यं कुठल्या पद्धतीने मांडलीत ते सांगणारी) आहे का, डेटम, म्हणजे मापं जिथून मोजायची ती जागा, कुठे घेतलाय, हार्डनिंगची नोंद बुशवर आहे की सगळ्यांवर सरसकट, हे बघितलं जातं. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून निघालेल्या मुलांना हे अंगवळणी असतं; साध्या डिप्लोमावाल्याने ते दाखवलं तर तो त्यांच्या रांगेत येऊन बसतो, आणि नमुन्याचा खरा फायदा हाच.

शीट पाठवतानाही घोळ होतात. ऑटोकॅडमध्ये काळ्या पडद्यावर पिवळ्या आणि आकाशी रेघा ठसठशीत दिसतात. तशीच पीडीएफ काढली की पांढऱ्या कागदावर त्या रेघा गायब. प्लॉट करताना मोनोक्रोमची प्लॉट स्टाइल निवडली की सगळं काळं येतं. ‘फिट टू पेपर’ चालू राहिलं तर टायटल ब्लॉकमध्ये लिहिलेला स्केल खोटा ठरतो. नुसती डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) पाठवली आणि समोर जुनी आवृत्ती असली तर ती उघडत नाही. म्हणून पीडीएफ मुख्य, आणि थ्री-डी दाखवायचंच असेल तर सोबत स्टेप फाइल, जी बहुतेक थ्री-डी कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

सॉफ्टवेअरवाल्यांचं दुखणं वेगळं. गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) लिंक दिलेली असते, आत दुसऱ्याचा फोर्क, म्हणजे त्याच्या कोडची प्रत, स्वतःचा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, एकही नाही. किंवा सगळा प्रोजेक्ट एकाच दिवशी एकाच कमिटमध्ये टाकलेला, म्हणजे कुठून तरी आणून ओतलेला. रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाइल, कोरी. सर्वांत वाईट म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) असलेली फाइल तशीच चढवलेली. नंतर ती डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये दिसत राहते. ती की रद्द करून नवी घेणं हाच उपाय. लाइव्ह डेमोची लिंक फुकटच्या सर्व्हरवर असेल तर काही वेळ कुणी न आल्यास तो झोपतो. रेंडर या होस्टिंग सेवेच्या मोफत योजनेत १५ मिनिटं वर्दळ नसली की सर्व्हर थांबतो आणि पुन्हा उठायला मिनिटभर घेतो. एचआरची बाई मिनिटभर कोऱ्या पानाकडे बघत बसत नाही. म्हणून रीडमीत चार स्क्रीनशॉट टाकावेत आणि काय, का, कसं चालवायचं हे दहा-बारा ओळींत लिहावं. एक नीट चालणारा छोटा प्रोग्रॅम आठ अर्धवट क्लोनपेक्षा जास्त सांगतो.

मराठी मजकुराचं काम करणाऱ्यांच्या वाट्याला एक खास आपला त्रास आहे, फाँटचा. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी चालत आलेत. त्यात टाइप केलेली वर्ड फाइल समोरच्याकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफ केली तर दिसायला ठीक दिसते, पण त्यातला मजकूर कॉपी केला की पुन्हा तीच खिचडी. आणि अर्ज आधी संगणक वाचणार असेल तर त्याला तुमच्या नमुन्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. तेव्हा युनिकोडच. जुनं काम कन्व्हर्टरने बदललं असेल तर ओळ न ओळ वाचून काढावी: ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ॲ’ उडतो. संपादकाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते, आणि तो चूक कन्व्हर्टरची समजत नाही, तुमची समजतो.

भाषांतराचा नमुना दोन रकान्यांत द्यावा, डावीकडे मूळ, उजवीकडे भाषांतर. नुसतं भाषांतर पाठवलं तर ते चांगलं की वाईट हे कळायला मूळच नाही. ३०० शब्द पुरतात. मूळ मजकूर सार्वजनिक असावा: सरकारी परिपत्रक, पीक विम्याची माहितीपत्रिका, औषधाच्या खोक्यातला कागद. कविता पाठवायचा मोह टाळावा. ज्याला बँकेचे फॉर्म भाषांतरित करून हवेत त्याला कवितेतून काहीच कळत नाही.

कृषी पदवीधरांना नमुन्याचं सुचतच नाही, आणि खरं तर त्यांच्याकडे तो तयार असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाखालच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाला ‘रावे’ (ग्रामीण कृषी कार्यानुभव) असतं, काही प्रयोगही घेतलेले असतात. जालन्याच्या बियाणे कंपन्यांत ट्रायल प्लॉटवर माणूस घेताना हेच लागतं: प्लॉटची मांडणी कशी केली, किती रिप्लिकेशन (पुनरावृत्ती), ओळींतलं आणि रोपांतलं अंतर, पेरणीची तारीख, निरीक्षणांचा तक्ता, आणि एखादा प्लॉट पावसाने गेला तर ती नोंद कशी केली. हे दोन पानांत मांडून जोडणारा क्वचितच दिसतो. गेलेला प्लॉट लपवू नये. ट्रायलचं काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं की सगळे आकडे गुळगुळीत आले म्हणजे ते शेतात बसून लिहिलेले नाहीत.

हाताच्या कामाचं एवढंच सांगतो: पैठणीचा नमुना फोटोने पाठवायचा तर उलट बाजूचाही फोटो लागतो. हातमागाच्या पदराची मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच नेटकी असते, यंत्रमागाच्या पदरामागे सुटे धागे लोंबतात. पारख तिथे होते. फ्लॅश मारला की रेशमाचा रंगच बदलतो, खिडकीजवळ बाजूच्या उजेडात फोटो घ्यावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवावं, नाहीतर घराचा पत्ता फोटोसोबत जातो.

मग फाइलचं. अनेक फॉर्म २ ते ५ एमबीवर अडतात. जीमेलची मर्यादा २५ एमबीची, पण पाठवताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १८ एमबीच्या वर गेलात की अडकलात. पडद्यावर वाचायच्या पानाला १५० डीपीआय स्कॅन पुरतो. ३०० ने केलेल्या रंगीत स्कॅनमध्ये पिक्सेल चौपट होतात. कॅमस्कॅनर या स्कॅनच्या ॲपवर २०२० मध्ये बंदी आली तरी त्याची पट्टी तळाशी असलेली पानं अजून फिरतात. ड्राइव्ह ॲपमध्येच स्कॅनची सोय आहे. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आडनाव आणि कामाचा प्रकार एवढंच असावं. ‘फायनल-नवीन-२’ हे नाव नव्हे. आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघावं. तिथे नेट कॅफेचं किंवा प्रोजेक्ट विकणाऱ्याचं नाव निघालं की पुढचं बोलणंच खुंटतं.

लिंक देणार असाल तर ड्राइव्हची फाइल मुळात बंद असते. समोरच्याला ‘ॲक्सेस मागा’ असं पान दिसतं आणि दीडशे अर्जांच्या ढिगात कुणी तो मागत बसत नाही. ‘लिंक असलेलं कुणीही’, फक्त बघण्यापुरतं, असं करून ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघावी. कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्यावर नमुने ठेवू नयेत. पास झाल्यावर ते खातं बंद झालं की सगळ्या जुन्या अर्जांतल्या लिंका एकदम मरतात. सुधारित फाइल टाकायची असेल तर ड्राइव्हमध्येच नवी आवृत्ती चढवावी, म्हणजे पाठवलेली लिंक तीच राहते.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही: एआय आल्यापासून घरून आलेल्या नमुन्यावर भरवसा काय ठेवायचा? त्यावर एआय ओळखणारं सॉफ्टवेअर लावणं हा उपाय नाही. ओपनएआयने स्वतःचंच तसलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. नीटनेटकं लिहिणाऱ्या मुलीला त्या यंत्राच्या भरवशावर खोटं ठरवणं हा निव्वळ अन्याय. खरी तपासणी पंधरा मिनिटांच्या फोनवर होते, नमुना समोर ठेवून. ‘हा पिन १२ चा १६ केला तर टॉलरन्स बदलेल का?’ विचारा. ज्याने स्वतः काढलंय तो सांगेल की आकडे तेच राहतील, १० ते १८ चा टप्पा एकच आहे. २० चा केला तर भोक २१ मायक्रॉनवर आणि पिन उणे ७ ते उणे २० वर जाईल. पाठ नसेल तर तक्ता उघडून सांगेल, तेही चालतं. ज्याने कुठून तरी उचललंय तो आधी गप्प बसेल आणि मग ‘सर, नेटवर्क’ म्हणेल. हा फोन मराठीत झाला तरी बिघडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. कारखान्यात बारा तास ड्युटी करणाऱ्याकडे ना लॅपटॉप असतो ना वेळ. नमुना मागितला की जिंकतो तो घरी बसून पोर्टफोलिओ सजवणारा. याचं उत्तर नमुना बंद करणं नव्हे, त्याचा आकार बांधून देणं. दोन पानं सांगितली की सजावटीला वाव उरत नाही. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही, किंवा सगळं कामच गोपनीय आहे, त्याला ‘नमुना नाही, चाचणी द्यायला तयार’ असा पर्याय फॉर्मवर हवा. बहुतेक फॉर्मवर तो नसतो, रकाना लाल होतो आणि अर्ज पुढे सरकत नाही.

कॉलेजांनी काय करावं हे सांगण्यात फार वेळ घालवत नाही. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट स्पायरल बाइंडिंगच्या दुकानात तयार मिळतात, हे प्राध्यापकांनाही माहीत असतं. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत ऑन-जॉब ट्रेनिंगला क्रेडिट दिलं आहे. त्याचा अहवाल ऐंशी पानांचा घेण्याऐवजी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाची दोन पानं घ्या आणि त्यावर दहा मिनिटं तोंडी विचारा. नमुना आपोआप तयार होतो, आणि विकत घेतलेला असेल तर तिथेच उघडा पडतो.

कंपनीने जाहिरातीत काय लिहावं? एवढंच: ‘तुम्ही आधी केलेल्या कामाचे जास्तीत जास्त तीन नमुने, प्रत्येकी दोन पानं, एकूण ५ एमबी. गोपनीय काम पाठवू नका. निवडलेल्या आठ जणांना एक तासाची चाचणी होईल, सगळ्यांना उतारा एकच. चाचणीतलं काम आम्ही वापरणार नाही. निकाल दहा दिवसांत, नकार असला तरी कळवू.’ आणि चाचणी तासाभराहून मोठी ठेवायचीच असेल तर मानधन लिहावं. आठ जणांना प्रत्येकी ५०० रुपये दिले तर ४,००० होतात. चुकीचा माणूस घेऊन तीन महिन्यांनी काढण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. छोट्या कंपनीला एवढं परवडत नाही, असं म्हणणाऱ्याने आठाऐवजी तिघांना बोलवावं. तिघांचे नमुने तरी तो नीट उघडून बघेल.

आणि वीस पानांची असाइनमेंट आलीच, तर उमेदवाराने चिडून सोडून देऊ नये. तीन ओळींचं उत्तर पाठवावं: ‘आपण दिलेल्या मजकुरातल्या पहिल्या ३०० शब्दांचं भाषांतर सोबत जोडलं आहे. ते केवळ मूल्यमापनासाठी आहे. उरलेला मजकूर हवा असल्यास माझा प्रतिशब्द दर कळवतो.’ प्रत्येक पानावर नाव आणि तारीख, फाइल पीडीएफमध्ये, आणि ईमेल स्वतःच्या खात्यावरून, म्हणजे कधी पाठवलं याची नोंद राहते.